श्रवणकक्षेचा शब्द आणि नारोशंकराची घंटा

प्रस्तावना :
आवाज किती अंतरापर्यंत ऐकू येतो, हे सांगण्यासाठी इंग्रजीत ‘इयररीच’ असा एक शब्द होता. ‘इयर’ म्हणजे कान आणि ‘रीच’ म्हणजे पोहोच. ‘कानाची पोहोच’ हा त्याचा सरळ अर्थ. आज शब्दकोशांत तो कालबाह्य म्हणून नोंदवला जातो. त्याची जागा ‘इयरशॉट’ या शब्दाने घेतली असून तो बाणाच्या टप्प्यासाठी असलेल्या ‘बोशॉट’ या शब्दाच्या धर्तीवर बनला आहे. प्रस्तुत लेखात श्रवणकक्षेच्या या संकल्पनेचा मराठी भाषा व नाशिक शहर यांच्या संदर्भात विचार केला आहे.

शब्दविचार :
मराठीत याच आशयाने ‘हाकेच्या अंतरावर’ असे म्हटले जाते. मात्र दोन्हींची दिशा भिन्न आहे. ‘इयररीच’मध्ये अंतर ऐकणाऱ्याच्या बाजूने मोजले जाते, तर मराठीत ते हाक मारणाऱ्याच्या बाजूने. शिवाय हाकेला ‘ओ’ देण्याचाही संकेत आहे. त्यामुळे हे अंतर केवळ भौगोलिक राहत नाही; ते दोन माणसांमधील संबंधाचे माप ठरते.

ही दृष्टी प्राचीन आहे. संस्कृतातील ‘क्रोश’ हा शब्द ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे या धातूपासून आला. मराठीतील ‘कोस’ आणि ‘आक्रोश’ या दोन्ही शब्दांचे मूळ तेच. ‘गोरुत’ या मापाचा शब्दार्थ तर गाईचे हंबरणे ऐकू येईल इतके अंतर, असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नव्या गावांची सीमा एक ते दोन क्रोश असावी आणि गावांनी परस्परांचे रक्षण करावे, असे सांगितले आहे. क्रोश हे तोवर निश्चित माप झाले असले, तरी शेजारधर्म व अंतर यांची ही सांगड त्याच्या मूळ अर्थाशी जुळणारी आहे.

नाशिकचे उदाहरण :
पंचवटीत गोदावरीच्या काठी सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये रामेश्वराचे मंदिर बांधले. ते नारोशंकराचे मंदिर म्हणूनच ओळखले जाते. त्याच्या तटावरील मोठी घंटा १७३९ च्या वसई मोहिमेतील विजयाची खूण मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. याच मोहिमेशी जोडल्या जाणाऱ्या घंटा भीमाशंकर व मेणवली येथेही आहेत.

या घंटेचा नाद कित्येक मैल ऐकू जात असे, असे सांगितले जाते. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, चर्चची घंटा जिथवर ऐकू येते तिथवर तिचा समुदाय, असा विचार मांडला होता. लंडनमध्येही सेंट मेरी-ले-बो या चर्चच्या घंटा ऐकू येतील अशा ठिकाणी जन्मलेल्यालाच खरा ‘कॉकनी’ मानण्याची परंपरा आहे. नाशिकच्या घंटेच्या बाबतीत धातू तोच राहिला. ऐकणारा समुदाय मात्र बदलला.

श्रवणकक्षेचे शास्त्र :
श्रवणकक्षा केवळ ध्वनीच्या तीव्रतेवर ठरत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. ज्या ठिकाणी ती सभोवतालच्या गोंगाटात बुडते, तिथे कक्षा संपते. म्हणून गोंगाट २० डेसिबलने वाढला, तर कक्षा ढोबळमानाने एकदशांश उरते. ५ किलोमीटरचे ५०० मीटर होतात. वाऱ्याची दिशाही महत्त्वाची असते. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड असल्याने ध्वनी खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. घंटेच्या नादाविषयीच्या आख्यायिकेचा विचार करताना त्या काळची शांतताही हिशेबात धरावी लागते.

ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र ‘शांतता क्षेत्र’ म्हणून घोषित करता येते. हे नियम आवाज किती असावा ते सांगतात. त्या आवाजामुळे काय ऐकू येईनासे झाले, याची नोंद त्यात होत नाही.

समारोप :
‘हाकेच्या अंतरावर’ हा प्रयोग आजही रूढ आहे. परंतु घरांच्या जाहिरातींत त्याचा अर्थ केवळ ‘जवळ’ एवढाच उरला आहे. तिथून मारलेली हाक रहदारीत ऐकू येईल, असे कोणी गृहीत धरत नाही. इंग्रजीत शब्द मागे पडला, तरी त्याचा आशय दुसऱ्या शब्दाने सांभाळला. मराठीत शब्द टिकला; अनुभव मात्र आक्रसत चालला आहे. गोदाकाठी पहाटे व सायंकाळी सभोवतालच्या ध्वनीची पातळी मोजून श्रवणकक्षेचा नकाशा तयार करणे, हे भाषा, इतिहास व भौतिकशास्त्र या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगे काम आहे. हाक कुठवर पोहोचते हे त्यातून कळेल. आणि संकटसमयी ‘ओ’ कुठून येऊ शकेल, हेही.