एका 'सी' भोवतीचा पर्सेल, आणि ब्रिटन

इंग्लिश चेंबर संगीत ऐकायला सुरुवात करायची असेल, तर ही जोडी एकाच बैठकीत ऐका: हेन्री पर्सेलच्या व्हायोलसाठीच्या फॅंटसिया आणि बेंजामिन ब्रिटनचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट.

फॅंटसिया बहुतांश 1680 च्या उन्हाळ्यातल्या. पर्सेल तेव्हा जेमतेम विशीचा होता, आणि हा प्रकार तोवर जुनाट ठरत आला होता. व्हायोल हे व्हायोलिन नव्हे. त्याला सहसा सहा तारा, मानेवर पडदे, वाद्य पायांमध्ये धरायचं आणि गज तळहात वर करून धरायचा. आवाज मऊ, किंचित नाकातला. त्यातली 'एका स्वरावरची फॅंटसिया' तर अफाटच! पाच वादकांपैकी एकजण सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त मधला 'सी' धरून बसतो, तंबोऱ्यासारखा. बाकीचे चौघे त्याच्याभोवती इतके रंग बदलतात की तोच स्वर कधी उजळतो, कधी बोचतो.

पर्सेल गेला 21 नोव्हेंबर 1695 ला. बरोबर 250 वर्षांनी, त्याच तारखेला, लंडनच्या विगमोर हॉलमध्ये झोरियन क्वार्टेटने ब्रिटनचं हे क्वार्टेट पहिल्यांदा वाजवलं. शेवटच्या भागाचं नावच 'चकोनी', पर्सेलचं लाडकं रूप: एकच धून पुन्हापुन्हा, दर फेरीला नवा साज. मधेमधे चेलो, व्हायोला आणि पहिलं व्हायोलिन एकेकटे बोलतात. माझ्या मते ब्रिटनने चेंबरसाठी लिहिलेलं हे सर्वोत्तम.

आधी फॅंटसिया, मग लगेच चकोनी लावा. हेडफोन घालून, कारण चेलोचा एकट्याचा भाग मोबाइलच्या स्पीकरवर निम्मा हरवतो.