राजपुत्राच्या चुंबनापलीकडे

डिस्नेच्या परीकथापटांतील नायिकांची परंपरा १९३७ साली हिमगौरीपासून सुरू होते. सात बुटक्यांचे घर झाडूनपुसून ठेवणारी ही मुलगी विषारी सफरचंदाने निपचित पडते आणि राजपुत्राच्या चुंबनाने जागी होते. ‘सिंड्रेला’ (१९५०) आणि ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) याच वळणाच्या. सोशीक मुलीला राजपुत्र मिळतो. सत्ता हाती असलेली बाई मात्र चेटकीण, नाहीतर सावत्र आई.

१९८९च्या ‘द लिटिल मरमेड’मधील एरियल बापाचा हुकूम मोडते. माणसांच्या जगाची ओढ तिला राजपुत्र दिसण्याआधीपासूनच असते. तरी सौदा ठरतो तो त्याच्या चुंबनावर, आणि त्यासाठी ती स्वतःचा आवाज देऊन टाकते.

खरा फरक पडला तो लेखणी बाईच्या हाती आल्यावर. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची (१९९१) पटकथा लिंडा वूल्व्हर्टन यांची, डिस्नेचा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट लिहिणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांची बेल पुस्तकात बुडालेली असते आणि गावातल्या देखण्या, फुशारक्या मारणाऱ्या गॅस्टनला सरळ नकार देते. शेवटी लग्न राजपुत्राशीच होते, हा भाग वेगळा. ‘मुलान’ (१९९८) पुरुषवेषात लढून देश वाचवते आणि सम्राटाने देऊ केलेले पद नाकारून घरी परतते.

‘ब्रेव्ह’मधील (२०१२) मेरिडा स्वतःच्या स्वयंवरात स्वतःच धनुष्य उचलते. इथे लग्नाचा आग्रह धरणारी तिची आईच आहे. पितृसत्ता घराघरांत बायकांच्याच हातून कशी चालवली जाते, हे या चित्रपटाइतके नेमके क्वचितच दिसते. कथा ब्रेंडा चॅपमन यांची होती, मात्र दिग्दर्शन मध्येच त्यांच्याकडून काढून घेतले गेले. पुढच्याच वर्षी डिस्नेने मेरिडाला बारीक कमरेचे, नटवे रूप दिले, तेव्हा चॅपमन यांनी जाहीर निषेध केला. बाजाराला राजकन्या अजून जुनीच हवी होती.

२०१३च्या ‘फ्रोझन’च्या सहदिग्दर्शक जेनिफर ली. त्यात राजपुत्रच दगाबाज निघतो आणि नायिका अॅनाला वाचवते ती बहिणीसाठी जीव द्यायची तिची तयारी. ‘मॅलेफिसंट’ची (२०१४) पटकथा पुन्हा वूल्व्हर्टन यांची. १९५९ची चेटकीण इथे नायिका होते. प्रियकराने राज्याच्या लोभाने तिचे पंख कापून नेलेले असतात. राजपुत्राचे चुंबन इथे निष्फळ ठरते, शापाने झोपलेली मुलगी जागी होते ती मॅलेफिसंटने कपाळावर टेकवलेल्या ओठांनी.

‘मोआना’त (२०१६) प्रेमकथाच नाही. टोळीच्या प्रमुखाची ही मुलगी बापाचा विरोध डावलून समुद्रावर निघते आणि परतल्यावर टोळीला सागरप्रवासावर घेऊन जाते. दिग्दर्शक होते रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर, एरियलचा आवाज काढून घेणारी तीच जोडी.