दोन दिवसांची अयोध्या

डॉक्टरांच्या सुट्ट्या लांबलचक नसतात. दवाखाना आठवडाभर बंद ठेवणे आपल्या मनाला पटत नाही आणि रुग्णांनाही सोसत नाही. त्यामुळे एखाद्या वैद्यकीय परिषदेला जोडून दोन-तीन दिवस काढायचे, एवढाच आपल्यापैकी अनेकांचा परदेशप्रवास असतो. बँकॉक हे अशा परिषदांचे आवडते ठिकाण असल्यामुळे थायलंडची आपल्याला बऱ्यापैकी ओळख आहे. परंतु ही ओळख बहुधा बँकॉकचे बाजार, पट्टायाचा किनारा आणि परतीच्या विमानातील जड बॅगा यांपलीकडे जात नाही. बँकॉकच्या उत्तरेला जेमतेम ८० किलोमीटरवर चार शतकांहून अधिक काळ सयामची राजधानी असलेली एक नगरी आहे. सहलीच्या कार्यक्रमात तिला जागा मिळालीच, तर ती अर्ध्या दिवसाची. बस सकाळी दहाला पोहोचते, ऐन उन्हात चार देवळे दाखवते आणि जेवणाच्या वेळी परत फिरते. त्या अयुत्थया नगरीला दोन मुक्काम द्यावेत, असे सुचवण्यासाठी हा लेखप्रपंच.

अयुत्थया हे नाव आपल्या अयोध्येवरून आले आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यावर, इ. स. १३५०-५१ मध्ये, राजा उ थोंग याने हे नगर वसवले आणि ‘रामाधिपती’ हे नाव धारण केले. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक या तीन नद्या येथे एकत्र येतात. त्यांना एक कालवा जोडल्यामुळे नगराला बेटाचे रूप आले आणि चहूबाजूंचे पाणी हाच त्याचा पहिला तट ठरला. १७६७ च्या एप्रिलमध्ये, सुमारे चौदा महिन्यांच्या वेढ्यानंतर, ब्रह्मी सैन्याने हे नगर घेतले आणि जाळले. १९९१ मध्ये युनेस्कोने येथील अवशेषांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मराठी माणसाला येथे पावलोपावली ओळखीचे शब्द भेटतात. ‘महाथात’ म्हणजे महाधातू, ‘सान्फेत’ म्हणजे सर्वज्ञ आणि राजा नाराय म्हणजे नारायण. डॉक्टरला थाई भाषेत ‘फॅत’ म्हणतात, तो मूळचा आपला ‘वैद्य’. बालरोगतज्ज्ञ हा तेथे ‘कुमारवैद्य’ असतो, हे कळल्यावर माझ्यासारख्याला विशेष आनंद झाला. थाई पारंपरिक वैद्यक व मर्दनविद्या शिकणारे आजही बुद्धकालीन वैद्य जीवक यांना आद्यगुरू मानून वंदन करतात. मात्र एवढ्यावरून ‘हे तर सारे आपलेच’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. शब्द आपल्याकडून गेले, त्यांतील बरेचसे ख्मेर लोकांच्या हातून पोहोचले. त्या शब्दांच्या आधाराने जे नगर उभे राहिले, ते सयामी माणसांचे होते. पाहुण्याने पाहुण्यासारखे जावे, म्हणजे अधिक दिसते.

केव्हा आणि कसे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिलमधील उष्मा लहान मुलांना व वृद्धांना झेपत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नद्या फुगतात. २०११ च्या महापुरात येथील मंदिरे पाण्याखाली गेली होती. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत प्रवेशपत्र ऑनलाइन भरावे लागते. व्हिसाचे नियम बदलत असतात. तिकीट काढण्यापूर्वी ते थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

आपले विमान बँकॉकच्या डॉन म्युआंग विमानतळावर उतरत असेल तर बँकॉक शहरात शिरण्याचीही गरज नाही. विमानतळाला लागूनच रेल्वे स्थानक आहे आणि अयुत्थयाची गाडी तेथूनच मिळते. बँकॉकहून निघणाऱ्यांनी मात्र स्थानकाचे नाव नीट वाचावे. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगऐवजी नव्या क्रुंग थेप अफिवात स्थानकावरून सुटतात. गाडी आपल्याला पा साक नदीच्या पूर्व तीरावर सोडते. पलीकडे जाण्यासाठी छोटी होडी असते. मुलांना ती गाडीइतकीच आवडते. बेट सपाट असल्याने भाड्याची सायकल सोयीची पडते. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर बेडकासारख्या तोंडाची टुकटुक दिवसभरासाठी ठरवावी.

पहिला दिवस

या सहलीचे गणित सोपे आहे : सकाळी साडेदहापर्यंत आणि दुपारी चारनंतर बाहेर, मधला काळ छपराखाली. हे पथ्य पाळले तर दोन दिवसांत पाच-सहा ठिकाणे होतात आणि तेवढी पुरेशी आहेत.

सकाळी लवकर वाट महाथात गाठावे. ‘वाट’ म्हणजे मंदिर-विहार. वडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे वालुकाश्मातील मस्तक येथेच आहे. छायाचित्र काढताना आपले डोके त्या मस्तकापेक्षा उंच राहू नये म्हणून लोक खाली बसतात, आपणही बसावे. समोरच वाट राचबुराना आहे. १४२४ मध्ये राजगादीसाठी दोन भाऊ हत्तींवरून लढले आणि दोघेही मेले. गादी मिळालेल्या तिसऱ्या भावाने त्यांच्या दहनभूमीवर हे मंदिर बांधले. याच्या उंच शिखरातून अरुंद जिना खाली तळघराकडे उतरतो, तेथे फिकट झालेली भित्तिचित्रे दिसतात. गुडघेदुखी असणाऱ्यांनी तो मोह टाळावा. १९५७ मध्ये चोरांनी हे तळघर फोडले. त्यांच्या हातून वाचलेले सोने चाओ साम फ्राया संग्रहालयात ठेवले आहे. दुपार तेथे घालवावी. सुवर्णालंकार पाहिल्यावर सकाळच्या उघड्या विटा निराळ्याच दिसू लागतात. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी विचारून ठेवावा.

संध्याकाळी होडीने बेटाला वळसा घालून वाट चायवत्थनाराम पाहावे. १६३० मध्ये, म्हणजे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला त्याच वर्षी, राजा प्रासाद थोंग याने ते उभारण्यास घेतले. पश्चिम तीरावरील त्याची शिखरे मावळतीच्या उजेडात पाहण्यासाठीच जणू बांधली आहेत. येथे जुन्या सयामी वेषातील तरुण-तरुणी मोठ्या संख्येने दिसतील. नाराय राजाच्या काळात घडणारी एक दूरदर्शन मालिका २०१८ मध्ये अफाट लोकप्रिय झाली, तेव्हापासूनचा हा परिपाठ आहे.

दुसरा दिवस

सकाळ वाट फ्रा सी सान्फेतसाठी ठेवावी. हे राजवाड्याच्या आवारातील मंदिर. येथील तीन भव्य स्तूपांत राजांच्या अस्थी ठेवल्या होत्या, त्यांतील एकाचे नाव त्रैलोक्यनाथ. याच मंदिरात १५०० मध्ये घडवलेली, सोन्याने मढवलेली सुमारे १६ मीटर उंचीची बुद्धमूर्ती होती. ती १७६७ मध्ये नष्ट झाली. शेजारच्या विहारात मोंगखोन बोफित ही प्रचंड कांस्यमूर्ती आहे; तिच्याविषयी पुढे सांगतो.

दुपारनंतर नदीकाठच्या पोर्तुगीज वस्तीकडे जावे. गोव्याच्या वाचकांना हे स्थळ विशेष जवळचे वाटेल. १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेणाऱ्या आल्बुकर्कने १५११ मध्येच आपला दूत अयुत्थयाला धाडला. पुढे येथे पोर्तुगीजांची वसाहत झाली. तेथील चर्चच्या उत्खननात सापडलेले मानवी सांगाडे जागेवरच जतन केले आहेत. डॉक्टर मंडळींचा पाय तेथून लवकर निघत नाही, हे घरच्यांनी समजून घ्यावे. परतताना मोठ्या सरकारी रुग्णालयासमोरच्या रस्त्यावर ‘रोटी साय माय’ची दुकाने लागतात. पातळ रोटीत साखरेचे रेशमी तंतू गुंडाळून देतात. चव आपल्या ‘म्हातारीच्या केसां’च्या जवळची.

मुलांचा प्रश्न

वाट महाथातच्या भिंतीलगत ओळीने बसलेल्या बुद्धमूर्तींना डोकी नाहीत. बरोबर आलेले मूल पहिल्याच तासात विचारणार, ‘‘ही डोकी कोणी तोडली?’’ ठरावीक उत्तर मिळते, ‘‘ब्रह्मी सैन्याने.’’ ते खोटे नाही, पण अपुरे आहे. राजधानी उद्ध्वस्त झाल्यावर १७८२ मध्ये बँकॉक वसवण्यात आले, तेव्हा तटबंदीसाठी अयुत्थयाच्या विटा नावांतून वाहून नेल्या गेल्या. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या सोन्याच्या शोधात स्तूप पोखरले गेले. विसाव्या शतकात पुराणवस्तूंच्या बाजारात बुद्धमस्तकांना भाव आला आणि अनेक मस्तके त्या बाजाराने नेली. १९५७ ची चोरी तर नगर पडल्यानंतर १९० वर्षांनी झाली आणि ती करणारे चोर परक्या सैन्यातले नव्हते.

आता मोंगखोन बोफितची गोष्ट. १७६७ च्या आगीत या मूर्तीवरचे छत कोसळले आणि ती जवळजवळ दोन शतके उघड्यावर राहिली. १९५० च्या दशकात विहार पुन्हा बांधण्यात आला. त्या कामासाठी देणगी देणाऱ्यांत ब्रह्मदेशाचे पंतप्रधान होते.

ही दोन्ही उत्तरे मुलांना सांगावीत, असे बालरोगतज्ज्ञ म्हणून मला आग्रहाने वाटते. आपल्यापैकी बहुतेकांनी हंपी पाहिली आहे आणि तेथेही मुले हाच प्रश्न विचारतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला अर्धे उत्तर दिले तर ते एका समाजाविषयीचा राग घेऊन घरी येते. पूर्ण उत्तर त्याला पेलते. शत्रूने आग लावली, नंतर आपल्याच माणसांनी विटा नेल्या आणि शत्रूच्या देशातून एक दिवस छतासाठी पैसे आले, एवढे सगळे त्याला समजते.

औषधांची पिशवी

डासांपासून जपावे, कारण डेंग्यू तेथेही आहे. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. मंदिरातही खांदे व गुडघे झाकलेले असणेच उचित. ताप आल्यास वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नये. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी. अवशेषांत मोकाट कुत्री असतात आणि थायलंडमध्ये रेबीज आहे. चावा किंवा ओरखडा आल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. ‘घरी गेल्यावर पाहू’ हे चालणार नाही. मुलाला घेऊन भाड्याच्या स्कूटरवर बसू नये. जलसंजीवनीची पाकिटे, टोपी आणि प्रवासविमा विसरू नये. रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक लिहून ठेवावेत.

शाकाहारी मंडळींनी ‘मांगसविरात’ हा शब्द पाठ करावा. तो म्हणजे आपली ‘मांसविरती’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेल्या ‘जे’ खानावळीत मांस-मासळी तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो. अन्यत्र भाजीतही माशाचा रस घालतात, म्हणून विचारून घ्यावे.

या आखणीत वाट याय चाय मोंगखोन, वाट फनान चोएंग आणि बांग पा-इनचा राजवाडा मुद्दाम वगळला आहे. तिसरा दिवस मिळाला तर ती स्थळे पाहता येतील. निघण्याच्या सकाळी मात्र एक तास राखून कालव्यापलीकडच्या वाट ना फ्रा मेनला जावे. १७६७ च्या संहारातून बचावलेल्या मोजक्या मंदिरांपैकी हे एक. आत राजवेषातील, मुकुट धारण केलेली बुद्धमूर्ती शाबूत आहे. आसपासची कुटुंबे उदबत्ती व कमळे घेऊन येतात, मुलांना गुडघे टेकायला शिकवतात आणि आपल्या कामाला निघून जातात.