हत्याराची पारख

कामाला हात घालण्यापूर्वी सुतार आपल्या पटाशीची धार अंगठ्याने हलकेच चाचपून पाहतो. सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री पाना नटावर बसवून किंचित हलवून पाहतो. या कृती इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की, पाहणाऱ्याच्या त्या लक्षातही येत नाहीत. परंतु त्यांत मोठा अनुभव साठलेला असतो. हत्याराने दगा दिला तर काम बिघडते, दिवसाची मजुरी बुडते आणि प्रसंगी हाताला वा डोळ्याला कायमची इजा होते, हे कारागीर पुरते जाणून असतो.

धंद्यात नव्याने पडणाऱ्या तरुणापुढे मात्र एक अडचण उभी राहते. नामांकित कारखान्यांची हत्यारे महाग असतात आणि खिशात पैसे थोडे असतात. अशा वेळी दुकानदार एखाद्या अपरिचित नावाचा संच पुढे करतो. किंमत निम्मी, चकाकी दुप्पट, आणि वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘आजन्म हमी’! हा संच घ्यावा की न घ्यावा? नाव अपरिचित म्हणून माल वाईटच, असे म्हणता येत नाही. जालंधर, लुधियाना, नागौर या शहरांत हत्यारे घडविणारे अनेक लहानमोठे कारखाने आहेत. या उद्योगाच्या साहाय्यासाठी जालंधर येथे १९८३ साली एक केंद्रीय संस्थाही स्थापन झाली. येथील कित्येक कारखाने दुसऱ्यांच्या नावाने माल घडवून देतात. म्हणून नाव बाजूला ठेवून प्रत्यक्ष वस्तू पारखता येणे, हेच अधिक उपयोगाचे.

हत्याराचा खरा गुण दोन गोष्टींवर अवलंबून असतो: एक पोलाद आणि दुसरी त्याला दिलेले पाणी. पोलादात कार्बनचे प्रमाण फार कमी असेल तर ते पुरेसे कठीण होऊच शकत नाही. धारेच्या हत्यारासाठी हे प्रमाण साधारणपणे ०.६ टक्क्याहून अधिक लागते. असे पोलाद लालबुंद तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम बुडविले, म्हणजे ते अतिशय कठीण होते. परंतु त्याच वेळी काचेसारखे ठिसूळही बनते. म्हणून ते पुन्हा सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत बेताने तापवितात. त्यामुळे काठिण्य थोडे उतरते आणि चिवटपणा येतो. या सर्व क्रियेला लोहार ‘पाणी देणे’ असे म्हणतात. पाणी कमी पडले तर पटाशीची धार वळते. अधिक झाले तर तिचे तुकडे उडतात. वेष्टनावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे छापलेले असले, तरी त्यावरून पाणी कसे दिले आहे याचा बोध होत नाही.

हे गुण डोळ्यांना दिसत नाहीत. तथापि त्यांच्या काही खुणा दिसतात. ओतीव हत्याराचा पृष्ठभाग कित्येकदा वाळूसारखा खरखरीत असतो व त्यावर बारीक छिद्रे आढळतात. पाना, हातोडा यांसारखी मार व ताण सोसणारी हत्यारे ठोकून घडविलेली असावीत. कडांवर पोलादाचे कंगोरे राहिलेले असतील, मुलामा सुटत असेल किंवा आकड्यांचे ठसे अस्पष्ट असतील, तर न दिसणाऱ्या भागातही निष्काळजीपणा झाला असावा, असा संशय घेण्यास जागा आहे.

काही परीक्षा दुकानातच करता येतात. ८ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टाच्या डोक्याला १३ मिलिमीटरचा पाना लागतो. असा एक नवा बोल्ट बरोबर न्यावा व पाना त्यावर बसवून पाहावा. तो सैल बसून डुलत असेल, तर पुढे नटाचे कोपरे घासून गोल होतील आणि पाना सुटून बोटे सोलवटतील. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी; तारा तोडण्याच्या धारांमधून प्रकाशाची फट दिसता कामा नये, आणि सांधा आडवा हलता कामा नये. करवतीचे पाते बेताने वाकवून सोडले असता पुन्हा सरळ झाले पाहिजे. हातोड्याच्या लाकडी दांड्यातील रेषा लांबीच्या दिशेने गेलेल्या असाव्यात व पाचर घट्ट बसलेली असावी. एका हातोड्यावर दुसरा हातोडा आपटून मात्र परीक्षा कधीही करू नये. कठीण पोलादाची कपची उडून डोळ्यात जाण्याचा धोका असतो.

विजेच्या कामाच्या पकडीविषयी विशेष दक्षता हवी. दांड्यांवर रंगीत आवरण आहे एवढ्यावरून ती विजेपासून रक्षण करील असे मानणे घातक होय. पुष्कळदा ते आवरण केवळ पकड सुखाची व्हावी म्हणून असते. संरक्षक हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण व ‘१००० व्होल्ट’ असा स्पष्ट उल्लेख असतो. ही खूण असली तरी वीजप्रवाह बंद करूनच काम करणे श्रेयस्कर.

आता हमीचा विचार करू जाता, प्रथम लक्षात येते ते हे की, हमी म्हणजे एक वचन आहे; आणि वचनाची किंमत ते देणाऱ्यावर ठरते. अमेरिकेतील सीअर्स या विशाल दुकानसंस्थेने १९२७ साली ‘क्राफ्ट्समन’ हे नाव घेतले. ही संस्था आपली हत्यारे निरनिराळ्या कारखान्यांकडून करवून घेई. मोडलेला पाना दुकानात नेऊन द्यावा व नवा घेऊन यावा, अशी तिच्या हमीची कीर्ती होती. पुढे संस्थेचे दिवस पालटले. २०१७ साली तिने हे नाव दुसऱ्या कंपनीस विकले आणि २०१८ साली तिच्यावर दिवाळखोरीची पाळी आली. गावोगावची दुकाने बंद पडली, तेव्हा मोडके हत्यार नेमके कोठे न्यावे, असा प्रश्न ग्राहकांना पडू लागला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, तर ज्या नावामागे पत्ताही नाही, त्याच्या ‘आजन्म’ शब्दाचे मोल काय?

यास्तव हमी वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. हमी कोण देतो, कारखानदार की दुकानदार? कोणता दोष तिच्यात येतो? बहुधा पोलादातील व घडणीतील दोषच येतात; झीज होणे, पान्याला नळी लावून जोर करणे किंवा स्क्रू-ड्रायव्हरवर हातोडा मारणे यांमुळे झालेले नुकसान येत नाही. हत्यार बदलून कोठे मिळते व जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा? आणि ‘आजन्म’ म्हणजे कोणाचा जन्म, ग्राहकाचा की हत्याराचा?

या कामी कायद्याचाही आधार आहे. बंद वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता असणे बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्यूरोची ‘आय. एस. आय.’ खूण असल्यास तिच्यासोबत परवान्याचा क्रमांकही असतो, व तो खरा आहे की नाही हे ब्यूरोकडे पडताळता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तूमुळे इजा झाली आणि तिचा उत्पादक कोण हे कळत नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरता येते. परंतु पावती जपून ठेवली नसेल, तर खरेदी सिद्ध करणे कठीण जाते.

एवढे पाहूनही थोडी शंका उरतेच. म्हणून शहाणा कारागीर अनोळखी नावाचा पूर्ण संच एकदम घेत नाही. तो एक पाना घेतो, महिनाभर वापरतो, शेजारच्या मिस्त्र्याला विचारतो, आणि मग पुढचे ठरवितो. रोज लागणाऱ्या व जोर सोसणाऱ्या हत्यारांवर तो अधिक पैसे खर्च करतो. क्वचित लागणाऱ्यांवर काटकसर करतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आळशाला लागू पडते हे खरे. पण अंगण खरोखरच वाकडे असेल, तर ते वेळीच ओळखणे हाही कसबाचाच भाग होय.