शनिवारवाडा आणि रामशास्त्र्यांचा न्याय



आपण चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास शिकतो. त्यातला लाल महाल पुण्यात आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांसोबत महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला मामाजींकडे गेलो होतो. मामाजींनी आम्हाला जुने पुणे पायी फिरवले. कसबा गणपती पाहिला, मग लाल महाल पाहिला. शिवरायांनी १६६३ साली शाहिस्तेखानाची बोटे तोडली ती लाल महालात. आताची इमारत मात्र नवी आहे. तेथून थोडे चालले की शनिवारवाडा लागतो. त्याची माहिती मी सांगणार आहे.

हा वाडा थोरल्या बाजीराव पेशव्यांनी बांधला. काम १७३० साली सुरू झाले आणि १७३२ साली पेशवे तेथे राहायला आले. वाड्याला पाच दरवाजे आहेत. सर्वात मोठा दिल्ली दरवाजा. त्याच्या फळ्यांना लांब टोकदार खिळे आहेत. शत्रूच्या हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते ठोकले. आत गेलो तर महाल नाहीच! १८२८ साली मोठी आग लागली आणि लाकडी महाल जळून गेले. आता कोट, दरवाजे, दगडी जोती व कारंजी एवढेच उरले आहे.

याच वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे वय फक्त १८ वर्षे होते. गणपतीचे दिवस होते. त्यांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना पेशवेपद पाहिजे होते. पगारी शिपाई, ज्यांना गारदी म्हणत, ते तलवारी घेऊन आत घुसले. नारायणराव धावत जाऊन काकांना बिलगले, तरी गारद्यांनी त्यांना मारले. ज्या दरवाज्यातून प्रेत नेले, त्याला नारायण दरवाजा म्हणतात. तिथे मी चपला काढून उभा राहिलो.

लोक सांगतात की चिठ्ठीत 'धरावे' असे लिहिले होते, ते आनंदीबाईंनी 'मारावे' केले. म्हणून 'ध चा मा करणे' असे आपण म्हणतो. पण ही ऐकीव गोष्ट आहे.

मग राघोबादादा पेशवे झाले. आता त्यांना कोण बोलणार? पण रामशास्त्री प्रभुणे नावाचे न्यायाधीश होते. त्यांनी चौकशी केली आणि तोंडावर सांगितले, की या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे. ते पद सोडून निघून गेले. पुढे कारभाऱ्यांनी एकी करून राघोबादादांना काढले. त्यांना बारभाई म्हणतात. नारायणरावांचा लहानगा मुलगा सवाई माधवराव पेशवा झाला. राघोबादादा मदत मागायला इंग्रजांकडे गेले. त्यातून १७७५ ते १७८२ अशी लढाई चालली. घरच्या भांडणात परका शिरला, तो असा.

बाबा म्हणाले, "याला भाऊबंदकी म्हणतात बेटा." आपल्याकडेही धुऱ्यावरून सख्खे भाऊ बोलत नाहीत, कोर्टात जातात. मला वाटते, भांडण वाढण्याआधी रामशास्त्र्यांसारखा खरे बोलणारा एक तरी माणूस पाहिजे. आणि त्याचे ऐकणारेही पाहिजेत.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी, मुर्री