दोन डगरींवर पाय? अभियांत्रिकी भौतिकीच्या पदव्युत्तर अभ्यासाबद्दलचे गैरसमज

‘इंजिनीअरिंग फिजिक्स’ हे शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक अभियांत्रिकी पदवीधराच्या कानावरून गेलेले असतात, आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना मिळून असतो तो एक विषय: व्यतिकरण, विवर्तन, लेसर, ऑप्टिकल फायबर, अर्धवाहकांची तोंडओळख. स्थापत्याचा विद्यार्थी असो की संगणकाचा, हा विषय ‘सुटला’ की त्याच्याशी नाते संपते. त्यामुळे याच नावाचे पदव्युत्तर शिक्षणही असते असे कळल्यावर बहुतेकांची कल्पना त्याच पेपरची दोन वर्षांची आवृत्ती, अशी होते. ज्यांना एवढे तरी ठाऊक नसते ते नावाची फोड करतात: अर्धे अभियांत्रिकी, अर्धे भौतिकशास्त्र, म्हणजे दोन्हीकडे कच्चा राहिलेला माणूस. या अभ्यासाबद्दल जे काही चुकीचे बोलले जाते ते जवळजवळ सगळे या दुसऱ्या समजुतीतून निघते, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवायला हवा.

समजूत अशी, की निसर्गाचा नियम शोधणे हे भौतिकशास्त्रज्ञाचे काम आणि तो वापरून वस्तू बनवणे हे अभियंत्याचे. मध्ये एक रेघ आहे आणि अभियांत्रिकी भौतिकी शिकणारा त्या रेघेवर उभा आहे. रोजच्या वापरातल्या यंत्रांपुरती ही विभागणी खपून जाते. पण उपकरण निसर्गाच्या मर्यादेपर्यंत ताणले, की ती रेघ पुसली जाते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेचेच पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या तशाच वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काही हजारांश भागाएवढा होता. एवढे सूक्ष्म हलणे मोजायचे तर भुजेच्या टोकाचा आरसा ज्या धाग्याला टांगला आहे त्या धाग्यातले अणूसुद्धा शांत बसत नाहीत, ही अडचण होऊन बसते. उष्णतेने होणारी ही थरथर पूर्ण थांबवता येत नाही. तापमानानुसार तिच्या वाट्याला येणारी एकूण ऊर्जा ठरलेली आहे. ती कोणत्या कंपनसंख्येवर गोळा होईल, हे मात्र पदार्थाच्या अंतर्गत घर्षणावर अवलंबून असते. घर्षण जास्त असेल तर थरथर सगळ्या पट्ट्यात पसरते. घर्षण अगदी कमी असेल तर ती धाग्याच्या स्वतःच्या एका अरुंद स्वराभोवती एकवटते आणि मोजमापाचा बाकी पट्टा शांत राहतो.

आता हे वाक्य कोणत्या विभागाचे? थरथर आणि घर्षण यांचे नाते सांख्यिकीय भौतिकीच्या एका मूलभूत प्रमेयातून येते. पण त्याच प्रमेयाच्या आधारे सुधारित लायगोत पोलादी तारा काढून टाकल्या गेल्या, आणि 40 किलोचे आरसे सुमारे 0.4 मिलिमीटर जाडीच्या सिलिका काचेच्या तंतूंवर टांगले गेले. माल कोणता घ्यायचा, तंतू कसा ओढायचा, आरशाला कसा जोडायचा, हे सगळे त्या प्रमेयाने ठरवले. उलट दिशेनेही तेच घडते. आरशावरचे परावर्तक लेपन बनवताना त्या पातळ थरांचे घर्षण हवे तितके उतरत नाही, म्हणून काचसदृश घन पदार्थांत ऊर्जा नेमकी कुठे मुरते हा भौतिकीचा अवघड प्रश्न पुन्हा अभ्यासाला घ्यावा लागला. पदव्युत्तर पातळीवर शिकायचे असते ते हेच: यंत्रातला दोष आपल्या कारागिरीचा आहे की निसर्गाचा, हे ओळखणे. कारागिरीचा असेल तर दुरुस्त करायचा. निसर्गाचा असेल तर त्याला वळसा घालणारी मांडणी शोधायची. दोन अर्ध्या शास्त्रांची बेरीज करून हे कौशल्य येत नाही, आणि म्हणूनच ते वेगळे शिकवावे लागते.

यावर जाणकार एक रास्त आक्षेप घेतात. अशा शिक्षणात भौतिकशास्त्राचा पाया उथळ राहतो, खरे शोध शुद्ध भौतिकशास्त्रवालेच लावतात, असे ते म्हणतात. त्याला सीमॉन फान डर मेर यांच्या कामापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही. हे डच अभियंते डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात तांत्रिक भौतिकी शिकले, तीही मापन आणि नियंत्रण या विशेष शाखेसह. मग फिलिप्स कंपनीत काही वर्षे काढून 1956 साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आले. तिथे पुढे अडचण उभी राहिली ती प्रतिप्रोटॉनांच्या झोताची. हे कण जन्मतःच इतस्ततः विखुरलेले असतात, आणि टक्कर घडवायची तर झोत आवळलेला हवा. लिउव्हिलचा सिद्धांत सांगतो की कणांच्या स्थान आणि वेग यांचा एकत्रित पसारा चुंबकांनी कितीही पिळला तरी कमी होत नाही. आकार बदलतो, घनफळ तेच राहते. फान डर मेर यांनी पाहिले की झोत हा सलग द्रव नाही. तो सुटे कण आणि त्यांच्यामधली रिकामी जागा यांचा बनलेला आहे, त्यामुळे कण आत आणि रिकामी जागा बाहेर सारता आली तर सिद्धांत न मोडता झोत आवळता येईल. त्यासाठी झोत ज्या कड्यात फिरत असतो त्याच्या एका बाजूला कणांच्या छोट्या समूहाचे सरासरी विचलन मोजायचे, तो संकेत वाढवून कड्याच्या आतून आडवाटेने पुढे पाठवायचा, आणि कण वळसा घालून पोचतात त्याच क्षणी त्यांना दुरुस्तीचा धक्का द्यायचा. ही नियंत्रण अभियंत्याची विचारपद्धत होती, आणि तिच्यामुळे 1983 साली डब्ल्यू आणि झेड कण सापडले. पुढच्याच वर्षी कार्लो रुब्बिया यांच्यासह फान डर मेर यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आक्षेपात तथ्य नाही असे मात्र नाही. आपल्याला भौतिकशास्त्राचे सखोल शिक्षण मिळाले नाही याची खंत स्वतः फान डर मेर यांनीच नोंदवली आहे. म्हणून ज्या अभ्यासक्रमात पुंज यामिकी, विद्युतचुंबकत्व आणि सांख्यिकीय भौतिकी दुसऱ्यांदा, अधिक खोलात जाऊन शिकवली जात नाही, तो टाळावा असे माझे मत आहे.

प्रवेशाबद्दलचा गैरसमज त्या मानाने लवकर दूर होण्यासारखा आहे. हे शिक्षण फक्त बी.टेक. झालेल्यांसाठी असते असे एम.एस्सी.चे विद्यार्थी समजतात, आणि बी.टेक.वाले नेमके उलटे समजतात. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि दिल्ली इथे बी.टेक.ला हे नाव आहे, पण पदव्युत्तर पातळीवर तोच अभ्यास बहुधा प्रकाशिकी, घनपदार्थ, लेसर किंवा उपकरणशास्त्र अशा विशेष नावांनी वावरतो. त्यांतल्या अनेक एम.टेक.ना भौतिकशास्त्रातले एम.एस्सी.धारक ‘गेट’च्या भौतिकशास्त्राच्या पेपरवर प्रवेश घेऊ शकतात, या परीक्षेचे गुण तीन वर्षे चालतात. आयआयटी दिल्लीत उपयोजित प्रकाशिकीचे एम.टेक. भौतिकशास्त्र विभागातच आहे. ‘इंजिनीअरिंग फिजिक्स’ एवढ्याच नावाने शोधणाऱ्याला भारतात काहीच नाही असे वाटते, ते यामुळे. स्वीडन, कॅनडा या देशांत मात्र ते त्याच नावाने सापडते.

राहिला नोकरीचा प्रश्न, आणि तो पालकांच्या दृष्टीने पहिला आहे. ‘शेवटी कुठेतरी शिकवावेच लागेल’ हे वाक्य त्यांच्या तोंडी असते. त्यामागची एक वस्तुस्थिती मान्य करायला हवी: सरकारी उपक्रमांच्या जाहिरातींत यांत्रिकी, विद्युत, स्थापत्य अशा ठरावीक शाखा छापलेल्या असतात, तिथे या पदवीचे नाव नसते, आणि पात्रतेच्या छाननीत चांगला उमेदवारही गळू शकतो. ज्याला तीच वाट धरायची आहे त्याने मूळ शाखा सोडू नये. पण जाहिरातीत नाव नाही म्हणून काम नाही, हा निष्कर्ष चुकतो. सर्वांत प्रगत संगणक चिप छापणाऱ्या यंत्रात वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे 50,000 वेळा लेसर मारून 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश काढतात. हा प्रकाश हवासुद्धा शोषून घेते, काचेचे भिंगही शोषून घेते, म्हणून सगळी मांडणी निर्वातात आणि आरशांवर करावी लागते. प्लाझ्मा, प्रकाशिकी, निर्वात, नियंत्रण या चारही गोष्टी एकत्र समजणारी माणसे तिथे लागतात. पवईला आयआयटीच्या आवारात असलेली ‘समीर’ ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका विभागातून 1984 साली स्वतंत्र झाली. कर्करोगावरील किरणोपचारांसाठी लागणारे रेखीय त्वरक तिने देशात बनवले. तांब्याच्या पोकळ्यांत सूक्ष्मलहरींनी इलेक्ट्रॉन पळवायचे, धातूवर आदळवायचे आणि निघालेले क्ष-किरण गाठीवर रोखायचे, या कामात विद्युतचुंबकत्वाचे समीकरण आणि पोकळी कोरण्यातली अचूकता वेगळी काढता येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालयही 1957 पासून चालू आहे, आणि तिथे अभियंते व भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर दोघेही घेतले जातात.

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी पदवीच्या नावापेक्षा प्रयोगशाळेची चौकशी अधिक उपयोगाची. प्रबंधाचे काम वर्षभराचे आहे की एका सत्रात उरकायचे? निर्वात पंप, क्रायोस्टॅट, लेसर विद्यार्थ्यांच्या हाती दिले जातात की दाखवून परत कुलपात जातात? मागच्या तुकडीने कोणते उपकरण स्वतः जुळवले, आणि त्याच्या मोजमापातली चूक कुठून येते हे त्यांना सांगता येते का? ही माहिती संस्थेच्या माहितीपत्रकात सहसा नसते. ती तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारून मिळते.