सी भाषेतील कन्सोल प्रोग्रॅमची पोर्टेबिलिटी

सी भाषेत लिहिलेला कन्सोल प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स, मॅकओएस अशा भिन्न ऑपरेटिंग सिस्टिमवर अल्प बदलाने वा बदलाविना कंपाइल होऊन सारखाच चालणे, या गुणधर्मास पोर्टेबिलिटी म्हणतात. हा गुण मूळ सोर्स कोडचा असतो. विंडोजसाठी तयार झालेली एक्झिक्युटेबल फाइल लिनक्सवर थेट चालत नाही; तेथे कोड पुन्हा कंपाइल करावा लागतो.

पार्श्वभूमी

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत विकसित केली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेल्याने ती प्रणाली इतर यंत्रांवर नेणे सुकर झाले. १९८९ मध्ये अमेरिकेत सी भाषेचे प्रमाणीकरण झाले. या प्रमाणात इनपुट व आउटपुट म्हणजे केवळ अक्षरांचा प्रवाह होय. पडदा, रंग किंवा कर्सर यांचा त्यात विचार नाही.

प्रमुख अडथळे

* अप्रमाणित फंक्शन : महाराष्ट्रासह भारतातील अनेक महाविद्यालयांत टर्बो सी दीर्घकाळ वापरले गेले. त्यातील 'कोनिओ' हेडर फाइल आणि पडदा पुसणारे 'क्लियर-स्क्रीन' फंक्शन प्रमाणित सीचा भाग नाहीत. त्यामुळे असा प्रोग्रॅम लिनक्सवरील जीसीसी कंपायलर सहसा स्वीकारत नाही.
* पूर्णांकाचा आकार : टर्बो सीमध्ये 'इंट' १६ बिटांचा असून त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. म्हणून ८ चे क्रमगुणित ४०,३२० ऐवजी −२५,२१६ असे दिसते. आजच्या बहुतेक संगणकांवर 'इंट' ३२ बिटांचा असल्याने उत्तर बरोबर येते. 'लाँग' मात्र ६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा, तर ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचा असतो.
* ओळीचा शेवट : विंडोजमधील मजकूर फाइलीत ओळीअखेर दोन चिन्हे असतात, लिनक्समध्ये एकच. विंडोजवरील फाइल लिनक्सवर वाचताना जादा चिन्ह शब्दाला चिकटून राहते व शब्दांची तुलना चुकते.

उपाय

प्रोग्रॅमचा मुख्य भाग प्रमाणित लायब्ररीवरच आधारावा. आकार महत्त्वाचा असेल तेथे १९९९ च्या प्रमाणातील निश्चित आकाराचे पूर्णांक प्रकार वापरावेत. पडदा पुसण्यासारखी प्रणालीनिष्ठ कामे एका स्वतंत्र फाइलीत ठेवून सशर्त कंपाइलेशनने योग्य भाग निवडावा. म्हणजे नवीन प्रणालीसाठी तेवढीच फाइल बदलावी लागते. पडद्यावरील मांडणीसाठी युनिक्स-सदृश प्रणालींवर एनकर्सेस आणि विंडोजवर पीडीकर्सेस या बव्हंशी समान फंक्शने असलेल्या लायब्ररी उपलब्ध आहेत. एका प्रणालीवर प्रोग्रॅम चालला, एवढ्यावरून तो पोर्टेबल ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक प्रणालीवर तो कंपाइल करून तपासावा लागतो.